रडवतो, पण हात चांगलाय

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि तिचा खरा निकाल सोमवारी सकाळी रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर लागतो. चढणाऱ्यांत विशेष काही दिसत नाही, गंमत उतरणाऱ्यांत असते. एरवी दोन-दोन पायऱ्या गाळून लोकल गाठणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ कठडा दोन्ही हातांनी धरून, तिरका होऊन, एकेक पायरी उतरत असतो. एखादा धीट गडी सरळ पाठमोरा होतो आणि उलटाच उतरतो. मागची गर्दी खवळते, "ओ काका, चला ना लवकर!" काकांकडे उत्तर असतं, पण ते बॅगेत असतं. बेचाळीस किलोमीटर पळून मिळवलेलं ते पदक साडेदहाला ऑफिसात, योग्य माणसाच्या टेबलापाशी, रुमाल काढताना चुकून बाहेर पडणार असतं.

पळणारे दोष देतात तो पेडर रोडच्या चढाला. पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो समोर उभा राहतो, तेव्हा भल्याभल्यांना कुलदैवत आठवतं. मांड्यांचा हिशेब मात्र निराळा असतो. त्यांना चढापेक्षा उतार महाग पडतो. उतारावर दर पावलाला मांडीचा स्नायू लांब होत असतानाच सगळ्या शरीराचा भार आवरून धरतो आणि या आवरण्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. ती लगेच जाणवत नाही. चोवीस तासांनी कुरकुर सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि मग हळूहळू ओसरते. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं वर्णन करून ठेवलं आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन त्यामुळेच मोठी फसवी. यवतेश्वरचा घाट चढताना माणूस चढाला शिव्या देतो, त्याच रस्त्याने परतताना उताराला दुवा देतो आणि मंगळवारी सकाळी कमोडवर बसताना तो दुवा परत घेतो.

नेमक्या याच दोन-तीन दिवसांत सगळ्यांना मसाजवाला हवा असतो.

तो शोधण्याची पद्धत अभ्यास करण्याजोगी आहे. डोळ्यांचा डॉक्टर निवडताना माणूस पदवी बघतो, सीए निवडताना त्याने वाचवलेला कर बघतो. मसाजवाल्याच्या बाबतीत एकच चौकशी होते: दाबतो कसा? मग शिफारसी येतात. "अरे, रडलो मी अक्षरशः!" "आपल्या तोंडून तर आईच निघाली." "दोन दिवस मांडी निळी होती, काय सांगू तुला!" ही तक्रार नाही, हे प्रशस्तिपत्र आहे, हे नवख्याला कळायला वेळ लागतो. दाताच्या डॉक्टरबद्दल कुणी असं बोललं तर माणूस त्या गल्लीतून जाणं सोडेल. इथे मात्र "रडवतो, पण हात चांगलाय" एवढं ऐकलं की तिघे जण लगेच नंबर मागतात. उलट एखाद्याने "हलका हात आहे, पण बरं वाटलं" असं म्हटलंच, तर त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं जातं. पैसे देऊन नुसतं बरंच वाटलं? दुखलं नाही?

याची मुळं बालपणात आहेत. मराठी घरात माणसाची मालिशीशी ओळख बोलायला लागण्याच्या आधीच होते. सकाळी अंघोळ घालणारी बाई येते, पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पायांवर आडवं घेते आणि तेल लावून असं काही रगडते की चार घरांपलीकडे कळावं. बाळ टाहो फोडतं. शेजारी बसलेली आजी शांतपणे सांगते, "रडू दे, छाती मोकळी होते." आयुष्यातला पहिला उपचार आणि पहिला आक्रोश असे हातात हात घालून आलेले. पुढे चाळीस वर्षांनी तोच जीव मसाजच्या टेबलावर पालथा पडून म्हणतो, "अजून जोरात दाबा, काही होत नाही." त्यात त्याचा काय दोष?

घरगुती उपचारांत आणखी एक शाखा होती, ती आता लोप पावत चालली आहे. पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला, किंवा जरा सणसणीत लाथ घातली, की उसण पळते अशी श्रद्धा. फी नाही, अपॉइंटमेंट नाही, पदवी जन्मजात. गावातला एखादा पाचवीतला पायाळू पोरगा तर सरपंचांच्या पाठीत, त्यांच्याच विनंतीवरून, लाथ घालून यायचा. ही संधी लोकशाहीत सहसा मिळत नाही. पण मूल पायाळू आहे हे आता सोनोग्राफीत आधीच कळतं आणि बहुधा सिझेरियन होतं. त्यामुळे या शाखेत नवे पदवीधर यायचेच थांबले आहेत.

मालिशीचं खरं विद्यापीठ तालमीत होतं आणि आहे. कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पहाटेची मेहनत झाली की अंग रगडणं हा दिनक्रमाचाच भाग. धाकटे पैलवान थोरल्यांचं अंग रगडतात, वस्तादाची नजर दोघांवर असते. रगडण्याचा जोरही असा की शहरातल्या नोकरदाराच्या फासळ्या मोजून वेगळ्या व्हाव्यात. पण तिथली खुबी जोरात नाही. जो पोरगा थोरल्या पैलवानाचा खांदा चोळतोय, त्याने तासाभरापूर्वी त्याच खांद्यावर पडलेला डाव पाहिलेला असतो. कुठला गुडघा जुना दुखरा, कुठली बाजू राखून तो लढतो, काल रात्री खुराक किती झाला, झोप लागली की नाही, हे त्याला विचारावं लागत नाही. लाल मातीत तो त्याच्यासोबतच लोळलेला असतो. चोळणाऱ्याची ही माहिती वजा केली तर मागे उरतं ते तेल आणि दंडाची ताकद.

ही खुबी तालमीपुरतीच नाही. इटलीचा सायकलपटू फाउस्तो कोप्पी याने जिरो द'इटालिया पाच वेळा आणि तूर द फ्रान्स १९४९ व १९५२ अशी दोनदा जिंकली. त्याचा मालिशवाला बियाजो कावान्ना हा चक्क आंधळा होता. नोव्ही लिगुरेच्या या भल्यादांडग्या माणसाने त्याआधी कोस्तान्ते जिरार्देंगोसारख्या विजेत्याचे पायही चोळले होते. कोप्पीने खावं काय, झोपावं कधी, सराव किती करावा यावर कावान्नाची हुकमत चाले. पायांवरून हात फिरवून स्वाराची तयारी ओळखणारा म्हणून त्याची ख्याती होती. जपानमध्ये तर सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी मालिश आणि सुईउपचाराचं रीतसर शिक्षण सुरू केलं. बघता न येणाऱ्यांनी हा धंदा नावारूपाला आणला आणि बघता येणारे आता त्यात मोबाइलकडे बघत मांड्या दाबतात, एवढीच काय ती प्रगती.

ओळखीचं हेच भांडवल आपल्या क्रिकेट संघाकडेही. रमेश माने, म्हणजे खेळाडूंचे 'माने काका', २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाबरोबर होते. २०२४ साली टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आल्यावर विधान भवनात मुंबईकर खेळाडूंचा सत्कार झाला, त्या वेळी व्यासपीठावर अरुण कानडे यांचाही सन्मान झाला. कानडे तेव्हा संघाचे मसाजर. वर्षाचे कितीतरी दिवस त्याच अकरा-पंधरा देहांशी त्यांची गाठ. कुणाची पाठ कुठल्या दौऱ्यात धरली होती आणि कशाने सुटली, हे त्यांच्या बोटांना पाठ. रविवारी सकाळी पळणाऱ्या आपल्या गृहस्थाला मात्र हाच चमत्कार अनोळखी माणसाकडून, पहिल्याच भेटीत, साठ मिनिटांत हवा असतो. वर, आपल्या शरीराबद्दलची खरी माहिती त्याला द्यायची नसते!

आता बाजाराकडे वळू. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरचा स्पा आधी लागतो. आत अंधार, वाऱ्याच्या घंटा, कुठेतरी पाणी ठिबकल्याचा आवाज (तो ध्वनिमुद्रित आहे हे कळेपर्यंत मराठी मन नळ बंद करायला उठू पाहतं). टेबलाला तोंडापाशी भोक असतं आणि त्या भोकाखाली वाडग्यात गुलाबाच्या पाकळ्या तरंगत असतात. जगातल्या कुठल्याच फुलाने माणसांचे एवढे वेदनेने वाकडे झालेले चेहरे पाहिले नसतील. मेनूकार्डावर थाई, बालिनीज, स्वीडिश वगैरे देश मांडलेले. यातला स्वीडिश मोठा गमतीचा. त्याचं श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं, पण चोळणं, मळणं, थोपटणं या हातांना जी फ्रेंच नावं मिळाली ती रूढ केली हॉलंडच्या योहान मेत्सगर यांनी. खुद्द स्वीडनमध्ये त्याला 'क्लासिक मसाज' म्हणतात. मेनूच्या तळाशी 'स्पोर्ट्स मसाज' असतो. चौकशी केली तर कळतं की बाई त्याच, टेबल तेच, हातही तोच. फक्त तेलाला विंटरग्रीनचा वास आणि बिलाला पाचशे रुपयांची वाढ.

स्पाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. थकल्या माणसाने तासभर अंधारात पडून राहावं आणि कुणी पाठीवरून हात फिरवावा, यात गैर काय? वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावं, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावावं असं सांगितलंच आहे. अजीर्ण झालं असेल तर टाळावं, असंही सांगितलंय. शर्यतीनंतरच्या बुफेत गुलाबजामांची दुसरी वाटी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. घोटाळा होतो तो दुखणं घेऊन तिथे गेल्यावर. पोटरी कणकेसारखी मऊसूत तिंबून दिली तरी ती मुळात का आखडते हा प्रश्न गुलाबाच्या पाकळ्यांत तसाच तरंगत राहतो.

दुसरं ठिकाण कोपऱ्यावरचं सलून. 'प्यासा'मध्ये १९५७ साली जॉनी वॉकरने तेलमालिशवाला असा काही अजरामर करून ठेवला की गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्यांचा किणकिणाट ऐकला की अजूनही टाळू शिवशिवते. चंपीपर्यंत ठीक. धोका चंपीनंतर येतो. गिऱ्हाईक डोळे मिटून सुखात असताना कारागीर एक हात हनुवटीला आणि एक डोक्यामागे लावतो आणि काही कळायच्या आत मान उजवीकडे कट्, डावीकडे कट्. गिऱ्हाईक खूश, कारण आवाज आला. आवाज म्हणजे हाड जागेवर बसलं, असा सार्वत्रिक समज. हाड कुठेही गेलेलं नसतं. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१५ साली बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण करून ती पोकळी दाखवलीदेखील. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांना मात्र हा झटका कधी कधी झेपत नाही. अमेरिकेतले मज्जातंतुतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये पाच स्त्रियांची हकिकत छापली. केस धुताना मान बेसिनवर मागे टाकली आणि त्यानंतर मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बिघाड होऊन त्रास सुरू झाला, अशी ती हकिकत. तेव्हापासून याला 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नाव पडलं. तिथे मान नुसती टेकवली होती. आपल्याकडे ती पिळतात आणि वर टीप घेतात.

यंत्रांचा प्रकारही हल्ली घराघरांत शिरला आहे. ड्रिल मशीनची धाकटी बहीण शोभावी अशी ती मसाज गन नवरा मांडीवर चालवतो आणि टीव्हीचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. फोम रोलरवर मांडीची बाहेरची बाजू घासून 'आयटी बँड मोकळा करणारे' तर शिवाजी पार्कापासून पर्वतीपर्यंत दिसतात. हा पट्टा इतका चिवट की तो हाताने दाबून लांब करायचा तर माणसाच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल, असं गणित २००८ साली मांडलं गेलं आहे. त्याने कुणी रोलर फेकून दिला नाही, कारण दुखतं छान. आणि मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जांभळे गोल दिसले, तेव्हापासून आपल्या गावाकडच्या तुंबडीला 'कपिंग' म्हणून वातानुकूलित खोली मिळाली.

मसाजवाला कुठलाही असो, एक वाक्य सगळ्यांचं सारखं असतं. कोपर मांडीत रुतवत तो म्हणतो, "लॅक्टिक ॲसिड साठलंय सर, आज सगळं बाहेर काढतो." सर कण्हत होकार देतात. वस्तुस्थिती अशी की पळताना तयार झालेलं हे रसायन पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर स्वतःच निकालात काढतं. शर्यत रविवारची, मसाज मंगळवारचा; म्हणजे चोर पसार होऊन दोन दिवस झाले आणि हवालदार आता घर उलटंपालटं करतोय. कॅनडातल्याच क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये व्यायामानंतर लगेच मसाज देऊन पाहिला. रक्तप्रवाह वाढायच्या ऐवजी कमीच झाला आणि लॅक्टिक ॲसिड हटायला जास्त वेळ लागला.

मग मसाज म्हणजे सगळी थापच का? तसंही नाही. मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ साली अकरा तरुणांना सायकलवर दमेपर्यंत पिटाळलं, प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे तुकडे काढून तपासले. मसाज मिळालेल्या मांडीत दाह वाढवणारे संकेत कमी निघाले. (अकरा जणांनी मसाजच्या लालसेने मांडीत सुया टोचून घेतल्या, यावरून त्या दहा मिनिटांची किंमत कळावी.) शेफिल्ड विद्यापीठाने २०२० मध्ये २९ अभ्यास आणि त्यांतले हजारावर सहभागी एकत्र करून हिशेब मांडला: मसाजने वेग, ताकद, दम यांपैकी काही वाढत असल्याचा पुरावा नाही, लवचीकता थोडी वाढते आणि उशिराचं दुखणं थोडं कमी होतं. थोडं म्हणजे थोडंच. मसाजच्या जाहिरातीत हा शब्द आजवर कुणी छापलेला नाही.

म्हणूनच चांगला मसाजवाला शोधताना त्याच्या दंडाकडे बघून भागत नाही, तोंडाकडे बघावं लागतं. तो काय विचारतो? पुण्या-मुंबईत, ठाण्यात आता खेळाडूंसाठी काम करणारे फिजिओथेरपिस्ट बरेच आहेत. बीपीटी ही पदवी, त्यावर एखाद्याचं खेळातलं पुढचं शिक्षण, आणि महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी. ती विचारायला मराठी माणूस लाजतो. दोन हजारांची चप्पल घेताना तीनदा तळवा वाकवून बघेल, पण स्वतःचा तळवा कुणाच्या हाती देताना नोंदणी क्रमांक विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटतं.

अशाच एका दवाखान्यातला प्रसंग. गृहस्थ बँकेतले, वय अठ्ठेचाळीस. तक्रार धोंडशिरेची, म्हणजे टाचेच्या वरच्या जाड शिरेची, जिला दवाखान्यात अकिलीस टेंडन म्हणतात. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत पडतात. फिजिओ मॅडम सत्तावीसच्या. गृहस्थ आल्या आल्या शर्टाची बटणं काढू लागले.

"काका, बसा आधी. किती पळता आठवड्याला?"

'काका' हा शब्द शिरेपेक्षा जास्त दुखला, पण ते सावरले. "तीस-पस्तीस."

"सलग?"

"म्हणजे... ॲव्हरेज."

"घड्याळ दाखवता?"

घड्याळाशी जोडलेलं ॲप उघडलं आणि बिंग फुटलं. दिवाळीच्या आठवड्यात शून्य. त्यानंतर अकरा किलोमीटर, पुढच्या आठवड्यात चौदा, मग एकदम बावन्न.

"या आठवड्यात काय झालं?"

"मेहुण्याने नाव नोंदवलं," गृहस्थ म्हणाले.

वीस मिनिटं मॅडमनी हात लावला नाही. बूट कधी घेतले, झोप किती, मधुमेह आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, एवढ्यात लांबचा विमानप्रवास झाला का. गृहस्थांची चुळबुळ वाढली; पैसे दाबायचे ठरले होते, बोलायचे नव्हते. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली. उजवा पाय बावीसपर्यंत गेला. डावा नवाला थरथरला आणि गृहस्थ भिंतीवरच्या सांगाड्याच्या तक्त्याला धरून उभे राहिले.

विमानाचा प्रश्न उगाच नव्हता. पळून, तासन्‌तास विमानात अवघडून बसून परतलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागायला लागली, तर ती चोळायची नसते. रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. दिल्लीतल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाची हकिकत एम्सच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये नोंदवली आहे. खेळताना घोटा दुखावला, प्लास्टर झालं, नंतर पाय दुखत राहिला म्हणून आईने मायेने तेल लावून चोळला. गुठळी सुटली, फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली आणि मुलगा गेला. ताज्या दुखापतीत, स्नायू फाटून आत रक्त साकळलेलं असतानाही रगडणं टाळतात. "आज मी याला हात लावणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा" असं म्हणणारा मसाजवाला भेटला, तर त्याचा नंबर नीट जपून ठेवावा. तो त्या दिवशीचं गिऱ्हाईक स्वतःहून सोडतोय.

आपले गृहस्थ त्यातले नव्हते, त्यामुळे अखेर टेबलावर पोचले. मॅडमनी पोटरीवर अंगठा टेकवला. "शून्य ते दहा सांगा. दहा म्हणजे सहन न होणारं."

"पाच," गृहस्थ म्हणाले. कपाळावर घाम होता.

"काका, पायाची बोटं आवळलीत तुम्ही. श्वास पण धरलाय. हे आठ झालं."

"असू दे हो, दाबा. त्याशिवाय गाठ सुटणार नाही."

मॅडमनी दाब कमी केला. कारण साधं आहे: सहन होत नाही एवढं दाबलं की स्नायू स्वतःला वाचवायला आवळतो. मग एक जण दाबतोय, दुसरा आवळतोय, आणि तासाभराने दोघेही दमतात. पंचवीस मिनिटं बेताच्या दाबाने, हळू, पोटरीपासून गुडघ्यामागपर्यंत काम झालं. धोंडशिरेच्या दुखऱ्या जागेवर त्यांनी मुद्दाम जोर दिला नाही. उठून चालल्यावर गृहस्थांना मोकळं वाटलं आणि तोंडावर निराशा पसरली. एवढंच?

एवढंच नव्हतं. मॅडमनी त्यांना जिन्याशी नेलं. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, चांगल्या पायाने वर यायचं, दुखऱ्या पायाने हळूहळू टाच पायरीखाली सोडायची. पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. रोजचे एकशे ऐंशी.

या व्यायामामागची कथा वैद्यकातल्या सर्वांत हट्टी गोष्टींपैकी एक आहे. स्वीडनमधल्या उमिओचे अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच धोंडशीर दुखत होती. ऑपरेशन करा म्हणून ते वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठांनी नकार दिला: तुम्ही रजेवर गेलात तर दवाखाना कसा चालायचा? (हे वाक्य स्वीडनमध्येही चालतं, हे वाचून सरकारी नोकरांना धीर येईल.) आल्फ्रेडसन चिडले. शीर पूर्ण बिघडवली की ऑपरेशन करावंच लागेल, या इराद्याने त्यांनी दुखणाऱ्या पायावर टाचा सोडायचा सपाटा लावला. शीर बिघडायचं सोडून बरी झाली. पुढे १९९८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पंधरा हौशी खेळाडूंकडून बारा आठवडे हेच करून घेतलं आणि पंधराही जण पुन्हा पळू लागले. शीर आणि स्नायू हळूहळू वाढत्या भाराने तयार होतात, ते काम कुणाच्या अंगठ्याने होत नाही. मसाजने दुखणं थोडं हलकं होतं, तेवढ्या अवधीत पायरीवरचं काम उरकून घ्यायचं, अशी ही वाटणी.

गृहस्थांना ही वाटणी पटेना. मसाजचे पैसे मोजताना त्यांना काही वाटलं नव्हतं. फुकटच्या पायरीवर त्यांचा विश्वास बसत नव्हता. सोसायटीच्या जिन्यात सकाळी सातला टाचा सोडताना वॉचमनने विचारलं, "साहेब, लिफ्ट चालू आहे, तुम्ही इथे का अडकलात?" दूधवाल्याने बाजूने वाट काढली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी "उसण भरली का हो?" म्हणून पायाळू भाच्याचा पत्ता देऊ केला. चौथ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"मॅडम, हे टाचांचं आहे ना, ते मी तुमच्याकडेच येऊन केलं तर? म्हणजे मी टेबलावर पडून राहतो, तुम्ही माझी टाच धरून खाली-वर करा. पैसे वेगळे देईन."

"या की काका," मॅडम म्हणाल्या. "पण एकशे ऐंशीनंतर दंड माझे तयार होतील. तुम्हाला बघायचे असतील तर या."